डाव्या हाताची गल्ली

आत्याने दादाशी पैज लावली तेव्हा मी तिथे नव्हते. असते तर लावू दिली नसती.

नव्या बाजारात आमची जुनी गल्ली हुबेहूब उभारली होती म्हणे. उद्घाटनाच्या दिवशी आत्याने त्या गल्लीतून कुणाचाही हात न धरता चालत जायचं आणि स्वतःच्या जुन्या कॅफेच्या दारात उभं राहायचं. जमलं, तर तिच्या एकटं राहण्याबद्दल दादाने पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. चुकली, तर तिने आपली खोली सोडायची आणि दादाने पाहून ठेवलेल्या वृद्धाश्रमात मुकाट्याने जायचं.

"त्या गल्लीत चुकले तर माझं डोकं गेलं म्हणूनच समज," ती दादाला म्हणाली होती. "मग कुठे ठेवशील तिथे ठेव."

आत्याला दिसत नाही. पण ही पैज डोळ्यांची नव्हती. मध्यंतरी तिचा गॅस एकदा चालू राहिला, गोळ्या एकदा चुकून दोन वेळा घेतल्या गेल्या, आणि तेव्हापासून दादा तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश आणि मोठ्याने बोलायला लागला होता. समोरचा माणूस तसं बोलायला लागला की आपणही स्वतःवर संशय घ्यायला लागतो. आत्याने घेतला होता. फोनवर मला म्हणाली, "परीक्षानळी, मी वेडी तर होत नाहीये ना गं?"

मी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून परीक्षानळी. मी रजा टाकून आले. पाहते तर दादाने तिच्या खोलीची किल्ली आधीच आपल्या खिशात टाकलेली. "नंतर धावपळ नको," म्हणाला. पैजेचा निकाल लागायच्या आधी!

मला राग आला की मी गप्प होते. घरात सगळ्यांना तो माझा समजूतदारपणा वाटतो.

ती गल्ली मोठ्या रस्त्याला काटकोनात होती, आणि दोन माणसं छत्र्या उघडून समोरासमोर आली तर एकाने छत्री मिटावी एवढी अरुंद. शिरताना उजव्या हाताला बटणांचं दुकान. त्याचं पत्र्याचं शटर निम्मंच वर जायचं, म्हणून गिऱ्हाइकं वाकून आत शिरत आणि दुकानदार त्याला 'नमस्कार करून यावं लागतं आमच्याकडे' म्हणायचा. मग किल्लीवाला, त्याच्या दाराबाहेर खुंट्यांवर किल्ल्यांचे जुडगे लोंबत. मग बेकरीच्या भट्टीची मागची भिंत. थंडीत शाळेत जाताना दादा आणि मी त्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचो. आणि त्या भिंतीला लागून आत्याचं कॅफे. डावीकडे आधी केशकर्तनालय, मग पुस्तकं बांधणारा, बरोबर कॅफेच्या समोर. त्याच्या खळीचा आंबूस वास आत्याच्या कॉफीत उतरतो अशी तिची कायमची तक्रार, आणि तिच्या कॉफीचे डाग आपल्या पुठ्ठ्यांवर पडतात अशी त्याची. दोघं रोज भांडत आणि रोज तो पहिली कॉफी तिच्याकडेच पीत असे.

आत्याची नजर हळूहळू गेली. शेवटची काही वर्षं तिने ते कॅफे डोळ्यांशिवायच चालवलं. सकाळी गल्लीत शिरायची, उजवा हात लांब करायची. पत्र्याच्या पन्हळी, किल्ल्यांचा किणकिणाट, उबदार भिंत, दार. तिला दिसत नाही हे गिऱ्हाइकांना कळायला वेळ लागे. गोंधळ घालणाऱ्याला ती नेमकी तोंडाकडे वळून झापायची.

मग एका उन्हाळ्यात गल्ली पाडली. गल्ली धोकादायक झाली आहे, असं सांगण्यात आलं. धोका कोणाला, ते सांगितलं नाही. बटणवाला गावी गेला, किल्लीवाला पुलाखाली बसू लागला, पुस्तकं बांधणारा घरी बसला आणि लवकरच गेला. ज्यांनी ती पाडली त्यांनीच आता बाजाराच्या तळमजल्यावर, वातानुकूलित छताखाली, तिची प्रतिकृती बांधली होती. नाव दिलं होतं 'आठवणींची गल्ली'. आत्या म्हणाली, "आधी दात पाडायचे आणि मग कवळीचं कौतुक करायचं."

उद्घाटनाला गर्दी होती. गल्लीच्या तोंडाशी भिंतभर एक फोटो लावला होता: जुनी गल्ली, कॅफेच्या पायरीवर शाळेच्या गणवेशातला दादा, बाजूला केशकर्तनवाले काका कात्री घेऊन उभे. हा फोटो छोट्या चौकटीत दादाच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं आहे. त्यानेच तो बाजार बांधणाऱ्या कंपनीला दिला होता आणि त्याबद्दल त्याचं नाव खाली आभारात होतं. कंपनीचा साहेब कोट घालून होता. आत्याने लगेच त्याचं नाव कोट ठेवलं. "कोट कुठेय? अत्तराचा वास मारतोय तोच ना?"

गल्लीत पाऊल टाकताच मला विचित्र वाटलं. सगळं होतं. तरी डाव्या पायात उजवी चप्पल घातल्यासारखं वाटत होतं. मला वाटलं, छतामुळे असेल.

आत्याने माझा हात सोडला. पदर खोचला, उजवा हात लांब केला आणि निघाली.

तिचा हात लाकडाला लागला. ती थबकली. तिथे पत्रा हवा होता. चार बोटांनी तिने ती लाकडी चौकट पुन्हा चाचपली, मग पुढे गेली. किल्ल्या लागल्या नाहीत. भिंत गार होती. तिची पावलं आखूड होत गेली. जिथे कॅफेचं दार असायला हवं तिथे तिला एक दार लागलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मी सुटकेचा श्वास घेतला.

"हे माझं," ती म्हणाली आणि दार ढकललं.

ते दार नव्हतं. भिंतीवर ठोकलेल्या फळ्या होत्या, त्यांना कडी लावलेली. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानाचा नुसता दर्शनी भाग. आत्या खांदा लावून भिंत ढकलत राहिली. लोकांनी मोबाइल वर केले. कोणीतरी हसलं, वाईट हसणं नव्हतं ते, लाडाचं होतं, आणि म्हणूनच जास्त चीड आणणारं.

"आजी, तुमचं कॅफे पलीकडे, डावीकडे," कोट गोड आवाजात म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हळूच, "वय झालं की होतं असं. चालायचंच."

दादा तिच्याजवळ गेला. "आत्या, सोड आता. मी म्हणत होतो ना?"

"डावीकडे?" आत्याने विचारलं. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. "माझं कॅफे डावीकडे होतं?"

"हो गं. फोटोत बघ... म्हणजे, फोटोत स्पष्ट आहे."

आत्याने हात खाली सोडला. नजर गेल्यानंतरही ती आंधळ्यासारखी कधी उभी राहिली नव्हती. त्या क्षणी राहिली.

मी फोटोकडे चालत गेले. मी ज्या कामाचा पगार घेते त्यात रोज हेच पाहावं लागतं: एकाच औषधाचे रेणू दोन रूपांत असतात, एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असल्यासारखे, उजव्या आणि डाव्या हातासारखे. अणू तेच, वजन तेच. पण एक गुणकारी असला तरी दुसरा कधी निरुपयोगी असतो, कधी घातक. कितीही फिरवा, डावा हात उजवा होत नाही. ती चप्पल कुठे टोचतेय ते मला कळत होतं, फक्त पुरावा हवा होता.

तो फोटोतल्या दादाच्या छातीवर होता. शाळेच्या शर्टाचा खिसा उजवीकडे. काकांच्या शर्टाचाही उजवीकडे. कात्री डाव्या हातात, आणि काका डावखुरे नव्हते; माझे केस त्यांनीच कापले होते. कुणीतरी कधीतरी निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला होता. दादाच्या छोट्या चौकटीत कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. त्यात पाट्यांच्या जागी नुसते काळे ठिपके होते. पण एवढ्या मोठ्या फोटोत?

तिथे कंपनीची एक मुलगी उभी होती, गल्लीची मांडणी तिची होती. मी तिला विचारलं, "फोटो मोठा केल्यावर पाट्या वाचता आल्या?"

"हो ना! अक्षरं उलटी होती, काय माहीत कशी. ती आम्ही कॉम्प्युटरवर सुलट केली."

"फक्त अक्षरं?"

"हो. बाकी सगळं बरोबरच होतं ना."

मी आयुष्यात पहिल्यांदा सार्वजनिक जागी ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही; 'अक्षरं उलटी आहेत तर माणसं सुलट कशी असतील' एवढं आठवतं. कोट धावत आला. मी त्याला दादाचा खिसा दाखवला, कात्री दाखवली.

"मॅडम, बारीकसारीक गोष्ट आहे," तो म्हणाला. "लोकांना फील महत्त्वाचा. डावं काय, उजवं काय."

"उद्या तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन डाव्यावर करतो म्हणाले डॉक्टर, तर फील घेऊन घरी जाल?"

दादा फोटोसमोर उभा होता. त्याचा हात नकळत स्वतःच्या शर्टाच्या खिशावर गेला होता, डावीकडे. "पण मला तर आठवतंय," तो म्हणाला. "कॅफे डावीकडेच..."

"तुला गल्ली नाही आठवत, दादा. तुला तुझा दिवाणखाना आठवतोय."

मी आत्याकडे परत गेले आणि तिच्या कानात सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आरशात बांधलीय?"

"हो."

"मेल्यांनो!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की माइकवर बोलणारा थांबला. "मला वेडी ठरवत होता!" मग माझा दंड पकडून, "चल. तोंडाशी नेऊन सोड मला."

मी तिला गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिने या वेळी डावा हात लांब केला.

"पत्रा," ती म्हणाली, आणि पन्हळी बोटांखाली खडखडल्या. "किल्ल्या." किल्ल्या प्लॅस्टिकच्या होत्या, वाजल्या नाहीत, पण होत्या. "भट्टीची भिंत. गार आहे, मेली." आणि न अडखळता, न मोजता, ती डावीकडे वळून कॅफेच्या उघड्या दारात उभी राहिली. लोक टाळ्या वाजवायला लागले. "टाळ्या कसल्या वाजवता?" ती खेकसली. "माझी गल्ली पाडली तेव्हा कुठे होते हे हात?"

टाळ्या विरल्या. कोटाने घाईने तिच्यापुढे कॉफी ठेववली. आत्याने एक घोट घेतला आणि कप सरकवला. "ही कुठल्याही बाजूने कॉफी नाही."

दादा खुर्ची ओढून समोर बसला. "आत्या, चुकलं माझं. पण गॅसचं तरी..."

"गॅसचं बोल ना. आवाज खाली घेऊन, माणसाशी बोलतात तसं बोल, मी ऐकेन. गॅस चालू राहिला की वाजणारी घंटा लावून देतोस, लाव. पण पैज ती पैज."

बाहेर कोट कुणाला तरी सांगत होता की गल्ली आहे तशीच राहील, बदलायला फार उशीर झालाय. तशीच राहिली आहे. लोक येतात, त्या फळ्यांच्या दारापुढे फोटो काढतात, आणि घरी जाऊन त्यांना कॅफे डावीकडे आठवतं. त्याचा विचार आला की अजूनही माझे कान तापतात.

आत्याने टेबलावरून उजवा हात पुढे केला आणि तळवा उघडला.

"किल्ली," ती म्हणाली.