कवा आलीस?

डिंगोऱ्याच्या यात्रेत यंदा बायकांची रस्सीखेच ठरली, माहेरवाशिणी विरुद्ध सुना, आणि शाळेच्या मैदानात नुसता कालवा उठला. दोर राहिला बाजूला, खेचाखेची सुरू झाली ती रुक्सानाची. कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या तिच्या दणकट हातांवर दोन्हीकडच्यांचा डोळा होता.

"चांदची बायको हाय, म्हंजे आमच्यातली!" सुनांची म्होरकी गोजरबाई गरजली.

"गावची लेक हाय ती!" वारूळवाडीहून माहेरी आलेली रत्ना, रुक्सानाची बालमैत्रीण, पदर खोचून पुढे झाली.

खरं दोघींचंही होतं. रुक्सानाचं लग्न गावातच झालेलं. माहेर वरच्या आळीला, सासर खालच्या.

"आगं, माहेरवाशीण म्हंजे माहेराला येती ती," गोजरबाई म्हणाली. "ही गेलीच न्हाई, तर यील कुठनं?"

सगळ्या खो खो हसल्या. रुक्सानाही हसली, पण तिला ते लई झोंबलं. पोरी सासरहून आल्या की अख्खं गाव कौतुकानं विचारायचं, "कवा आलीस?" तिनंही कितीजणींना विचारलं होतं. तिला मात्र इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं. सख्खी आईसुद्धा म्हणायची, "आलीच हाइस तर लसूण सोल."

"मला माहेरवाशिणींतच खेळायचंय," ती एकदम बोलून गेली. "एकदा तरी."

रत्नाचे डोळे चमकले. "मग जाऊन यायला काय लागतंय? बस गाडीवर!"

तिनं भावाची स्कूटी काढली, रुक्सानाला मागं बसवलं, कुणीतरी एक पिशवी तिच्या मांडीवर आदळली आणि गाडी सुसाट सुटली ती थेट हायवेच्या स्टॉपपर्यंत. तिथनं वळून, हॉर्न बडवत परत. मैदानात पोरी शिट्ट्या मारत होत्या. रुक्सानाच्या मनात आलं, बाई, काय हा पोरखेळ, आणि तरी आपल्याला एवढा आनंद का होतोय!

पिशवी सावरत ती उतरली. समोर गोजरबाईच उभी, दोर हातात धरून. हिनं मानलं नाही, तर सगळं फुकट.

गोजरबाईनं तिला खालून वर न्याहाळलं. मग दोर खाली टाकला, पुढे आली, तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"कवा आलीस गं बाय?"

रुक्सानाला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "आत्ताच आले, काकी."

"अवं काकी, हारवशीला आमाला!" मागून सुना ओरडल्या.

"हारू की," गोजरबाई म्हणाली. "लेक आलीया माहेराला."