उत्तरेकडची खुर्ची

नवरा गेला आणि त्याची खुर्ची माझ्याकडे आली. घरातली नव्हे, डोंगरावरची. दर वसंतात दहा आठवडे, सकाळी सात ते संध्याकाळी पाच, तो आणि त्याचा धाकटा भाऊ डोंगरमाथ्याच्या धारेवर पाठीला पाठ लावून बसायचे आणि उत्तरेला निघालेले शिकारी पक्षी मोजायचे. चौदा वर्षं हे चाललं. "जागा रिकामी ठेवता येत नाही, वहिनी," भाऊजी म्हणाले. "तुम्हीच या. तुमचे डोळे गिरणीत तयार झालेत." मी तीस वर्षं कापड गिरणीत तपासनीस होते, सुटलेला धागा मला चार हातांवरून दिसायचा. आणि घरात बसून तरी मी कुठले दिवे लावणार होते?

काम सोपं आहे. भाऊजी दक्षिणेकडे तोंड करून बसतात. पक्षी डोक्यावरून पुढे गेला की मुठीत मावणारं मोजणीयंत्र एकदा दाबायचं. आमच्या घरात त्याला टिचकी म्हणतात. माझी खुर्ची उत्तरेकडे, आणि माझी टिचकी वजाची. समोरून वारा सुटला की काही पक्षी धार ओलांडतात, हबकतात, खालच्या दरीत उतरतात आणि डोंगराला वळसा घालून मागे फिरतात. एक-दोन दिवसांनी तेच पुन्हा येतात. म्हणून ते वजा करायचे, नाहीतर एकच पक्षी दोनदा मोजला जातो. ती दरी भाऊजींच्या खुर्चीवरून दिसत नाही.

भाऊजी कवळ्या बनवतात. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत गिऱ्हाइकांचे साचे फळीवर ओळीने हसत असतात आणि त्यांच्यासमोर हा माणूस एकटा जेवतो. बायको नाही, पोरंबाळं नाहीत. "त्या डोंगराशीच लग्न लावा," मी चिडवायचे, "तो तरी उलटून बोलणार नाही." पण डोंगरालाही अट होती. हंगामात आठ हजार पक्षी गेले तरच धार राखीव राहणार. एक जरी कमी पडला तरी राखीवपण उठणार, आणि पलीकडच्या अंगाला दगडखाण आधीच येऊन टेकली होती. आमचा आकडा कधी नऊ हजारांखाली गेला नव्हता, त्यामुळे सगळे निर्धास्त होते.

चौथ्या आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. दिवसभरात मी एकशे अठरा वेळा टिचकी दाबली. आकडा ऐकून भाऊजी हसले.

"वहिनी, इथल्याच घारी मोजल्यात वाटतं. दादाचे कधी पाचावर गेले नाहीत."

"घार कळते मला, भाऊजी."

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

त्यांनी एकशे अठरा लिहिले. माणूस सरळ आहे.

दोन दिवसांनी धुकं उतरलं आणि मोजणी बंद राहिली. त्या दुपारी मी नवऱ्याच्या मोजणीच्या चौदा वह्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या आणि परत फिरलेल्या पक्ष्यांचा रकाना वाचत गेले. तीन. शून्य. पाच. दोन. 'उत्तरेचा वारा, जोरदार' असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, आणि पुढे शून्य. गिरणीत असा तागा आला असता तर माझ्या मनात पहिल्याच वाराला शंका आली असती. इतकं निर्दोष कापड नसतंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण मी ह्या माणसाला पुरती ओळखत होते. स्वतःच्या आजाराच्या तपासण्यांचे कागद त्याने आठ महिने विजेच्या बिलांखाली दडवले होते. "काय म्हणाले डॉक्टर?" "पित्त आहे." आठ महिने पित्त! मला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. म्हणजे डोंगरावरही त्याने हेच केलं होतं. वाईट ते स्वतःपाशी ठेवायचं आणि आम्हाला निर्धास्त झोपू द्यायचं. मायेने की भित्रेपणाने, विचारायला तो नाही. त्या दुपारी समोर असता तर मी चौदाच्या चौदा वह्या त्याच्या डोक्यात घातल्या असत्या.

भाऊजींना मी काही बोलले नाही. गेलेल्या भावाबद्दल कुठल्या तोंडाने सांगणार? नुसती दाबत राहिले. सत्तर. एकतीस. एकशे चार. भाऊजींचं हसणं आधी गेलं, मग जेवण. डबा न उघडताच ते खाली उतरू लागले.

शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता बेरीज-वजाबाकी करून आकडा आठ हजार एक्केचाळीस झाला.

"वाचलो," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी थर्मास उघडला. "आता चार तास नुसतं बसायचं, वहिनी."

सव्वाला वारा फिरला. तासाभरापूर्वी पुढे गेलेले मधुबाज परत आले आणि माझ्यासमोर दरीत उतरायला लागले. अगदी संथ, पंखही न हलवता. मागे भाऊजी चहा ओतत होते. मी दाबलं नसतं तर जगात कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, बोट थांबलं होतं. फळीवरचे ते साचे डोळ्यांसमोर आले, त्यांच्यापुढे वर्षभर बसलेले भाऊजी आले. मनातल्या मनात पक्षी मोजून झाले, शेवटचा वळणाआड गेला, तरी बोट तसंच. मग मी दाबायला लागले. चहा ओतायचा थांबला. एकेक टिचकी त्यांनी ऐकली.

"किती?"

"बासष्ट."

सात हजार नऊशे एकोणऐंशी. आणखी एकवीस हवे होते. पाच वाजेपर्यंत सहा आले.

भाऊजींनी आकडा वहीत लिहिला. मग मला पाठमोरेच म्हणाले, "वहिनी, दादाला ही दरी दिसत नसेल का हो? त्याचे डोळे अधू झाले असतील."

मला पळवाट काढून दिली होती त्यांनी. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"दिसत होती," मी म्हणाले. "पहिल्या वर्षापासून."

मला वाटलं आता भडकतील, आणि माझ्या रागाला जोडीदार मिळेल. पण ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"म्हणजे चौदा वर्षं त्याने मला इथे सुखाने बसू दिलं," ते म्हणाले.

"खोट्यावर, भाऊजी."

"असू दे की. खरं सांगितलं असतं तर कधीच खाण आली असती." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर ते आठ महिने तुम्ही काय केलं असतंत?"

 त्या आठ महिन्यांत आम्ही स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला होता. मला आवडतो म्हणून. त्याला तो बघवत नसे. तो शिडीवर, मी शिडी धरून त्याला नावं ठेवतेय, आणि दोघं इतके हसलो की रंगाचा डबा सांडला. लग्न झाल्यापासून तेवढं हसले नव्हते मी. त्या हसण्यात तो कधी एकदम गप्प झाला होता का, हे आता काही केल्या आठवत नाही.

"रडले असते," मी म्हणाले. "रोज रडले असते. पण जे येत होतं ते ह्यांना एकट्याला बघत बसावं लागलं नसतं."