पानपेटीतल्या लाल गोळ्या

कुंभकोणमच्या एका मराठी घरातली जुनी पानपेटी आहे मी. पितळेची, तीन कप्प्यांची. मित्रांनो, एकेक कप्पा उघडते.

पहिला कप्पा. पाने.

तांबटाने मला ठोकून घडवले. पाहुणे मला मांडीवर घेऊन नक्षी वाखाणत. मग घरातले पान सुटले. मी माळ्यावर पडून कळकून हिरवी झाले. एवढेच.

दुसरा कप्पा. गोळ्या.

घरच्या नंदिताला क्षय झाला. लग्न ठरलेले होते. आई पंकजाने गोळ्या वेष्टनांतून सोडवून माझ्यात ओतल्या, वेष्टने जाळली.

"कोणी विचारलं तरी ताकदीच्या मात्रा म्हण, कां. भिंतीला दोन कान, तुझ्या सासूला चार."

"आणि खोकल्याला काय म्हणू, अम्मा? संगीत?"

दोघी हसल्या.

काही आठवड्यांनी नंदिताला अन्न नकोसे झाले. उलट्या. लघवी गडद. "या मात्रांनी लाल होतेच, गोळ्या देताना क्षयाच्या केंद्रात सांगितलंय," म्हणत पंकजाने पुढची गोळी दिली. डोळे पिवळे झाले. ताकात भुईआवळा वाटून दिला.

वर पुढची गोळी.

शेवटी काविळीसाठी दुसऱ्या दवाखान्यात नेले, तिथे होणारी सासूही आली. डॉक्टर श्रीविद्यांनी विचारले, "अम्मा, कुठलं औषध चालू आहे?"

"काहीच नाही."

नंदिताने आईकडे पाहिले. मान खाली घातली. सकाळची गोळी राहिली होती, म्हणून मी तिथेच होते. पंकजाच्या पिशवीत. डॉक्टरांच्या टेबलाखाली.

काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या झाल्या. एकही सापडला नाही. तोवर गोळ्या चालूच. मग नंदिता असंबद्ध बोलू लागली, आईला ओळखेना. तेव्हा पंकजाने मला डॉक्टरांसमोर पालथे केले.

डॉक्टरांनी एक लाल गोळी उचलून पाहिली. "यांनीच यकृत दुखावलंय. या आत्ता बंद. यकृत सावरलं तर क्षयाची औषधं एकेक करून पुन्हा देता येतात. पण अम्मा, मी विचारलं होतं."

तिसरा कप्पा.

यकृत सावरले नाही.

पंकजा अजून त्या दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते: क्षय होता, गोळ्या लाल होत्या, उलट्या अमुक दिवशी सुरू झाल्या. सगळे बिनचूक. आता तिला कोणी विचारत नाही.

मित्रांनो, गोळ्या त्यांच्या वेष्टनातच राहू द्या. औषध चालू असताना अन्न नकोसे झाले, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दाखवा. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा सांगा.

तेव्हाच सांगा.