तेवीस हजारांचा शेजारी

टोकियोच्या हिगाशी-कसाईतल्या एका फ्लॅटमध्ये, दाराजवळच्या भिंतीवर मी राहतो. मी इथल्या एदोगावा वॉर्डचा नकाशा. येणारे-जाणारे माझ्यासमोरच बूट घालतात, पण माझ्याकडे बघायला हल्ली कुणाला सवड नसते. तुम्ही आलाच आहात तर दोन मिनिटं थांबा. माझ्या पोटात जे दुखतंय ते कुणाला तरी सांगायचंय.

वॉर्ड ऑफिसने मला छापलं, ते पूर आला तर कुठे किती पाणी चढेल हे लोकांना कळावं म्हणून. माझ्या पश्चिमेला आराकावा नदी, पूर्वेला वॉर्डच्याच नावाची जुनी एदोगावा नदी, दक्षिणेला समुद्र. मधल्या सखल पट्ट्यात सात लाखांच्या आसपास माणसं. पाणी जितकं खोल, तितका रंग गडद. म्हणून मी जवळजवळ सगळाच गडद गुलाबी. आम्हांला घरोघर फुकट वाटतात आणि घरोघर आम्ही ड्रॉवरमध्ये जातो.

माझं नशीब थोर, मी विभाच्या हाती पडलो. नवऱ्याच्या बदलीमुळे ती मुंबईहून नुकतीच इथे आली होती. कडेवर दोन वर्षांची नुपूर, आणि जपानीचं एक अक्षर येत नव्हतं.

"विश्वजित, हा भिंतीवर लाव," ती नवऱ्याला म्हणाली. "निदान आपण कुठे आहोत ते तरी कळेल."

मग तिने मला पेन्सिलीने भरून टाकलं. कढीपत्ता कुठे मिळतो, मुलांचे डॉक्टर कुठे, सायकल कुठून न्यायची. पुलाच्या चढावर तिने लिहिलं, 'इथे उतरून चालावं.' छापखान्यात मी हजारांतला एक होतो. तिच्या अक्षरांनी मी एकमेव झालो.

एकदा मोठं वादळ आलं. दुपारीच सूचना आल्या. विभाने मला भिंतीवरून काढलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि तिघं जवळच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर गेली. तिथे तिने मला मांडीवर उलगडलं. नुपूर माझ्यावर डोकं ठेवून झोपली. नदी बांधाच्या आतच राहिली. त्या दिवशी माझ्याइतका सुखी नकाशा साऱ्या जपानात नसेल.

पुढे विभा एका पाळणाघरात पार्ट-टाइम जाऊ लागली, मग कायम झाली. तिकडची छोटी मुलं तिला 'विभा-सान' म्हणायची. नुपूर एकटी शाळेत जाऊ लागली. माझ्या गल्ल्यांत त्या दोघी आता मला न बघता फिरत. मला त्याचं वाईट नाही वाटलं, अभिमानच वाटला.

आणि मग, गेल्या वर्षी, तो आला.

विश्वजितने ऑफिसातून त्याची रंगीत प्रिंट आणली आणि माझ्या शेजारी लावली. लावताना माझ्या समुद्राचा एक कोपरा झाकला गेला, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. तो होता अमेरिकेतल्या विलो फोर्ड नावाच्या एका छोट्या गावाचा नकाशा. गाव कसलं, मोठ्या शहराला चिकटलेलं उपनगर. विश्वजितची बदली तिकडे झाली होती.

"लोकसंख्या तेवीस हजार," तो उत्साहाने सांगत होता. "विचार कर, विभा! इकडे हायवे, इकडे ही नदी, आणि मध्ये तळं. सगळी जमीन उंचावर. प्रत्येक घराला अंगण."

तेवीस हजार! एवढी माणसं तर माझ्या दोन-चार गल्ल्यांत मावतात. पण ते उंच जमिनीचं ऐकून मी आतून जळालो. त्याच्या अंगावर गुलाबी रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. नुसता हिरवागार.

नुपूरने त्याच्यावर बोट फिरवलं. "एकी वा?" स्टेशन कुठे, असं तिने जपानीत विचारलं.

"स्टेशन नाहीये गं तिथे. गाडीने फिरायचं."

"मग मी एकटी कशी जाणार?"

"मम्मी सोडेल ना."

"मला कुठे गाडी येते?" विभा म्हणाली. "आणि माझी नोकरी? इथे उभी राहायला मला किती वर्षं लागली, विश्वजित. पुन्हा शून्यापासून सुरू करू?"

त्याने त्या नकाशावरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, "मी तुला विचारायला हवं होतं. आधी हो म्हणून बसलो."

बरेच दिवस गेले. शेवटी ठरलं : नुपूरची इथली प्राथमिक शाळा संपेपर्यंत विश्वजितने एकट्याने जायचं, मग पुढचं बघायचं. सूटकेस घेऊन तो निघाला तेव्हा नुपूर लिफ्टपर्यंत गेली आणि परत येऊन बाथरूममध्ये जाऊन बसली. मला मात्र, खरं सांगतो, जिंकल्यासारखं वाटत होतं. माणसं माझ्याकडे राहिली होती!

पण तेव्हापासून त्या दोघींनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शाळेत निघताना नुपूर विलो फोर्डच्या तळ्याशेजारच्या एका घरावर बोट टेकवते आणि जपानीत सुप्रभात म्हणते, "ओहायो, पापा." विभाला तिथले रस्ते आता माझ्या रस्त्यांसारखे पाठ आहेत. फोनवर विश्वजित रस्ता सांगतो आणि ती उभ्याने त्याच्या मागोमाग बोट नेते : "हां, चर्चवरून डावीकडे. तिथे बर्फ साठतो म्हणालास ना? जपून चालव." मला इतक्या काळजीने कुणी कधी वाचलं नाही. जे पायाखाली असतं त्याच्यावर पाय पडतो. बोट फिरतं ते लांबच्यावर.

गेल्या सोमवारी त्या हिरव्याचा एक कोपरा सुटून लोंबायला लागला. 'पड एकदाचा', मी मनात म्हटलं. विभा कामावरून आली. जॅकेट न काढताच तिने तळव्याने तो कोपरा सपाट केला. ड्रॉवरमध्ये टेप शोधली, मिळाली नाही. मग तिने माझ्या कोपऱ्याची पट्टी अलगद सोडवली आणि त्याला लावली. वर दोनदा अंगठा दाबला.

आता माझा कोपरा लोंबतो. येता-जाता कुणाची तरी बाही अडकते. तुम्ही बूट घालायला वाकलाच आहात, तर जरा दाबा ना. टिकणार नाही, माहीत आहे मला. तरी दाबा.