दुसऱ्या हुकावरची बाटली

बसून बोललो असतो, पण बसणं माझ्या नशिबी नाही. मी सलाईनचा स्टँड बोलतोय. छातीच्या वॉर्डात, कुणा ना कुणाच्या उशाशी जन्मभर उभा आहे.

माझा जन्म लोखंडी सामानाच्या कारखान्यातला. माझ्याबरोबरच्या नळ्यांपासून कपडे वाळत घालायचे स्टँड झाले. सुटले बिचारे, त्यांना नुसते कपडेच सांभाळायचे. मला बाटल्याही आणि कपडेही. पेशंटच्या नातेवाइकांना रिकामा हूक बघवतच नाही. कुणी टॉवेल टाकतं, कुणी पिशवी, आणि एका आजोबांनी तर कवळीची डबी टांगली होती. माझी चाकं कुरकुरतात. मीही कुरकुरतो, पण ऐकतो कोण?

परवा-परवापर्यंत इथे एक गादीवाला होता. जुन्या गाद्या उसवायच्या, दमट कापूस पिंजायचा, हा त्याचा धंदा. धुळीबरोबर बुरशी छातीत गेली. आयुष्यभर लोकांच्या झोपेची सोय केली आणि स्वतःला आडवंही होता येईना, लगेच धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी बुरशी मारायचं औषध सुरू केलं. बाटली अर्थात माझ्याच डोक्यावर.

झालं उलटंच. औषध सुरू झाल्यापासून त्याची धाप वाढली. त्याची बायको स्टुलावर बसून ते बघायची. थोरली जाऊ भेटायला आली आणि तिच्या कानाशी लागली, म्हणे हे औषधच त्याला खातंय. रोगापेक्षा औषध भयंकर, हे बाईच्या मनाने घेतलं. डॉक्टरीणबाईंना विचारायची सोय नव्हती, कारण त्या रागावल्या तर? मग ती सिस्टरची पाठ वळली की नळीवरचं चाक घट्ट फिरवायची. थेंब बंद. सिस्टर बिचारी चाक सैल करायची, नळी बदलायची, सुई तपासायची, पण थेंब पुन्हा पुन्हा का थांबतात ते तिला कळेना. मी बघत होतो आणि माझा जीव तुटत होता.

ताप चढला. खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरीणबाईंनी भरलेली बाटली बघितली, ते चाक बघितलं, मग स्टुलाकडे बघितलं.

"मीच बंद केलं," बायको खाली मान घालून म्हणाली. "डोळ्यांदेखत त्यांचा श्वास जात होता, बाई. चालू कशी ठेवू?"

मला वाटलं, आता हिची खरडपट्टी निघणार. पण डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, तुम्ही बघितलंत ते खरंच आहे. बुरशी मरायला लागली की काही जणांचं अंग तिच्यावर चवताळून उठतं, फुप्फुसाला सूज येते आणि धाप वाढते. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

"औषध थांबवलं तर बुरशी जिंकेल," त्या म्हणाल्या. "सूज उतरवायला जोडीला दुसरं देऊ, पण बेतानं. तेही जास्त झालं तर बुरशीला मोकळं रान. आणि धाप वाढली की मला सांगायचं, कितीही वेळा."

त्या दिवसापासून माझ्या दुसऱ्या हुकावर एक छोटी बाटली आली. भार वाढला, पण खरं सांगतो, तिचं ओझं कधी वाटलं नाही. चमत्कार काही झाला नाही. आज बरा तर उद्या पुन्हा धाप, असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी तो चक्क पाठीवर सपाट झोपला आणि कुरकुरला, "ही गादी कुणी भरली? नुसते गोळे आहेत." बायको हसता हसता रडायला लागली.

तो घरी गेला. मला ढकलत शेजारच्या पलंगाशी आणलंय. इथे एक म्हातारी आहे, तसाच आजार, तशीच बाटली. सकाळपासून तिची धाप वाढलीय. तिचा मुलगा एकदा आईकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. डॉक्टरीणबाई आत्ताच समोरून गेल्या, तेव्हा त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

अरे बाबा, रागावल्या तर रागावल्या. मी उभ्या जन्मात थकलोय ते बाटल्यांनी नाही, तुमच्या या गप्प बसण्याने. त्या अजून दारातच आहेत. हाक मार.