माशीचं माहेर

धाकटी जाऊ फळमाशीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काम कसलं, बाळंतपणंच म्हणा ना! माशीपुढे फळं मांडायची, ती कशात अंडी घालते ते बघायचं, मग अळ्या वाळूत उतरून कोष करेपर्यंत त्यांची सरबराई करायची. संत्र्याच्या सालीत तेल, तिथे अळी रडतखडत वाढायची. पेरूत मात्र बघता बघता बाळसं धरायची. पेरू म्हणजे माशीचं माहेरच. धाकटी घरी यायची तेव्हा स्वतःपुरता चहा टाकायचंही त्राण नसायचं. तो थोरली जाऊ आणून द्यायची.

यंदा घरची संत्र्याची बाग किडली. हातात घ्यावं ते फळ आतून मऊ. थोरले दीर वैतागून म्हणाले, "अंगणातल्या त्या पेरूनेच घात केला. उद्या तोडून टाका." पेरू थोरलीने लावलेला. गळलेली फळं वेचायची तिच्याकडून राहून गेली होती, म्हणून तिने मान खाली घातली.

धाकटीला खरं कारण ठाऊक होतं. ही माशी बागेत याआधी कधी फिरकली नव्हती. प्रयोग संपला की उरलेला लगदा आणि वाळू जाळायची, असा प्रयोगशाळेचा सक्त नियम. पण फुकटचं खत वाया कशाला घालवा, म्हणून तिने दोन पिशव्या घरी आणून पेरूच्याच बुंध्याशी ओतल्या होत्या. दमलेल्या डोळ्यांनी चाळलेल्या त्या वाळूत किती कोष राहिले, देव जाणे. शिकल्यासवरल्या बाईने असं करावं? पण केलं खरं.

सकाळी थोरली करवत घेऊन झाडाखाली उभी होती. धाकटीने सगळं सांगून टाकलं. "ताई, झाड नका तोडू. मी भाऊजींना सांगते, माझ्यामुळे झालं म्हणून."

थोरलीने करवत बुंध्याशी टेकवून ठेवली.

"माशा आता याच्यातच वाढतायत ना?"

"हो."

"मग आणल्या कोणी, त्याने काय फरक पडतो?" तिने बाह्या वर सारल्या. "आणि कुठे बोलू नकोस. झाडाला नोकरी नसते, तुला आहे."

धाकटीला रडू फुटलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"रडतेस काय," थोरली म्हणाली. "फांदी धर. एकटीच्याने होणार नाही हे."