गाडीखालचा कोरा कागद

गाडीखालून कागद ओढून काढला तेव्हा अंगणात जमलेली सगळी माणसं एकदम वाकली. कागद कोरा होता. आदल्या दिवशी त्याच जागी लाल तेलाचं डबकं साचलं होतं आणि आज एक थेंब नाही. शेजारच्या शिंप्यानं कागद उजेडात धरून उलटसुलट पाहिला, जणू तेल मागच्या बाजूला लपलं असावं. मग मान डोलावली. झालं, चमत्कार सिद्ध झाला.

गाडी म्हणजे भाऊजींची, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, शाळेची व्हॅन. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. गळत होता तो स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारी लांब नळी. तिच्यातल्या तेलाच्या दाबामुळे स्टिअरिंग हलक्या हातानं फिरतं. भाऊजी ब्रेक-क्लच घरीच करतात, पण रॅक उतरवायचा तर अख्खी सुट्टी जाणार. म्हणून त्यांनी स्पर्शगुरूंना बोलावलं.

स्पर्शगुरू हत्याराला हात लावत नाहीत, असा त्यांचा लौकिक. ते गाडीखाली सरपटले, चारही बाजूंनी चादरी सोडायला लावल्या आणि आतून गंभीर आवाजात प्रवचन दिलं: यंत्रालाही मन असतं, ते दुखावलं की पाझरतं, आपण फक्त समजूत काढायची. समजूत काढण्यात सगळी दुपार गेली. यंत्र फारच मानी निघालं. बाहेर येऊन त्यांनी बॉनेटखालचा, रॅकला तेल पुरवणारा डबा काठोकाठ भरला, त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि पथ्य सांगितलं. महिनाभर झाकण उघडायचं नाही, नाहीतर उपचार उडून जाईल. पेट्रोल उडतं, स्पिरिट उडतं, हे मी मुलांना शिकवते. उपचाराचं मला माहीत नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी मुलांना याच व्हॅनमधून धरण पाहायला न्यायचं होतं. रस्ता वळणावळणाचा, एका अंगाला दरी. त्या मुलांत माझी भाचीही होती.

"कागद बघितलास ना तू?" ताईनं मला विचारलं.

"कागद बघितला. डबा कुणी बघितला?"

"तुझं म्हणजे प्रत्येक गोष्टीत खुसपट."

मी गप्प बसले. कोऱ्या कागदाशी वाद घालणं अवघड असतं.

पण व्हॅन गप्प बसेना. वळताना ती कण्हू लागली. सहलीच्या आदल्या दिवशी भाऊजी खांदा चोळतच घरी आले. स्टिअरिंग जड जातंय म्हणून त्यांनी स्पर्शगुरूंना फोन केला होता. जखम भरताना ठणकतेच, असं उत्तर मिळालं होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "उद्या लेकीला या गाडीत बसवून त्या रस्त्यानं न्याल?"

भाऊजी उठले आणि जॅक घेऊन आले.

आधी त्यांनी चिकटपट्टी सोलली. डब्याचा तळ दिसत होता.

"अगं, पण तेल गेलं कुठं? खाली तर थेंब नाही."

गाडी उचलून, लोखंडी स्टँडच्या घोड्यांवर नीट टेकवून आम्ही दोघं खाली शिरलो. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांची रबरी टोपी असते, धूळ आत जाऊ नये म्हणून. ती आतून रिकामी असते, बोटानं सहज दबते. इथं दोन्ही टोप्या टम्म फुगल्या होत्या आणि त्यांच्या कडांवर नव्याकोऱ्या लोखंडी पट्ट्या पान्यानं करकचून आवळल्या होत्या. भाऊजींनी एक पट्टी सैल केली. तेल त्यांच्या बाहीतून थेट कोपरापर्यंत गेलं.

गळती थांबलीच नव्हती. आतलं झिजलेलं सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, पूर्वीसारखंच गळत होतं. गुरूंनी फक्त तेलाला बाहेर पडायची वाट ठेवली नव्हती. म्हणून कागद कोरा आणि डबा रिकामा.

भाऊजींनी तेलकट बाही वर सारली. "हत्याराला हात लावत नाहीत म्हणे," ते म्हणाले.

सहल पुढे ढकलली. सुट्टी गेलीच. रॅक खाली उतरवला, धुतला, उघडला, सील नवीन घातलं. ते कोणीही समजूत न काढता बसलं. रॅक परत चढवला, डबा भरला, पुढची चाकं अधांतरी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आतली हवा काढली आणि मग चाकांची दिशा दुकानातून जुळवून आणली. स्पर्शगुरूंना कळवलं, तर ते म्हणाले, झाकण उघडलंत, म्हणून उपचार उडाला. एवढं मात्र त्यांचं बरोबर होतं.

संध्याकाळी भाऊजींनी सवयीनं गाडीखाली कागद सरकवला. ठेवा, मी म्हटलं, पण डबाही बघत जा. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच करायचं: तो जिथं बघू नका म्हणतो, तिथं आधी बघायचं. त्यासाठी पदवी लागत नाही. त्यानं लावलेली चिकटपट्टी सोलायची तयारी लागते.

सहल निघाली त्या सकाळी भाची व्हॅनमध्ये बसेना. बॉनेट उघडायला लावून तिनं डब्यात डोकावलं, तेल खुणेपर्यंत आहे हे पाहिलं आणि मगच चढली. भाऊजी हसले नाहीत. तिचं पाहून होईपर्यंत बॉनेट धरून उभे राहिले.